पंचबाईच्या कानातली नागीण

माझी बायको फुटबॉलची पंच आहे. हे सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्या कानाशी येऊन विचारतात, "म्हणजे घरात पण?" हो, घरात पण. आमच्याकडे चूक कुणाची हे ठरवायला वेळ लागत नाही. बहुतेकदा ती माझी असते आणि निकालावर अपील नसतं.

मी काचा आणि आरशांचं दुकान चालवतो. माप घ्यायचं, काच कापायची, कडा घासायच्या, श्वास रोखून चौकटीत बसवायची. माझं सगळं काम हळू हाताचं. तिचं नेमकं उलट. आठवडाभर ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी शहराच्या लीगमध्ये बावीस दांडगटांच्या मधून धावते. पन्नाशी कधीच मागे पडली, पण तिच्या पायांना ते कुणी कळवलेलं नाही. मैदानावर तिला सगळे पंचबाई म्हणतात. आता मीही तेच म्हणतो. नावानं हाक मारली तर तिला वाटतं, काहीतरी वाईट बातमी आहे.

लीग अर्ध्यावर आली होती. दोन पंच एकाच वेळी सुट्टीवर गेले आणि त्यांचे सामने हिनं अंगावर घेतले. शाळेत परीक्षा चालू होत्या, त्यांचं काम वेगळंच. झोप कमी, धावपळ जास्त. अशातच एका संध्याकाळी ती कानावर हात ठेवून घरी आली.

"कान ठणकतोय," म्हणाली. "वारं लागलं असेल."

दुसऱ्या दिवशी कंगवा फिरवताना ती एकदम थांबली. कानामागे आग होतेय म्हणाली, कुणी गरम तार टेकवल्यासारखी. चहाचा घोट घेऊन तिनं कपात डोकावून बघितलं आणि मला विचारलं, "यात चमचा विरघळलाय का?" चव धातूची लागत होती. मला तर चहा नेहमीसारखाच लागला. तिची थोरली बहीण, अक्का, फोनवर म्हणाली, कोमट तेलाचे दोन थेंब घाल, जिरेल. तेल घातलं. जिरलं नाही. मग कानाच्या पाळीच्या आत, वाटीसारख्या खोलगट जागेत, बारीक पाणीदार फोड दिसले. "मुरमं असतील," ती म्हणाली आणि शाळेत गेली. दुखणं त्या कानाचं आणि कानाडोळा केला आम्ही दोघांनी.

त्यानंतरच्या सकाळी ती चूळ भरत होती. बेसिनपाशी उभ्या उभ्या तिनं हाक मारली, "अहो, माझ्या गालाला भोक पडलंय का बघा हो. पाणी तोंडात राहतच नाहीये."

मी हसत हसत गेलो आणि दारातच माझं हसू सुकलं. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू कुणीतरी इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत झाली होती. डोळ्याशेजारच्या सुरकुत्या गेल्या होत्या, नाकापासून ओठापर्यंतची रेघ गेली होती, ओठाचा कोपरा खाली ओघळला होता. डावा डोळा मिचकावला की उजवा तसाच उघडा राहून माझ्याकडे टक लावून बघायचा.

माझ्या मनात एकच शब्द आला, लकवा. मी तिला दुकानाच्या गाडीत बसवलं आणि सुसाट निघालो. तेवढ्यातही ती म्हणाली, "हळू चालवा, मागे काचा आहेत."

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होती. घट्ट बांधलेले केस, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, पण हात शांत. तिनं आधी पंचबाईचे दोन्ही हात वर करायला लावले, बोटं दाबायला सांगितली, पाय उचलून बघितले. मग म्हणाली, "कपाळाला आठ्या घाला."

"त्या मी रोजच घालते," पंचबाई म्हणाली. शब्द थोडे सांडत होते, पण जिभेची धार शाबूत होती.

आठ्या अर्ध्या कपाळालाच पडल्या. डावीकडे नेहमीच्या, उजवीकडे कोरी पाटी.

"मेंदूला झटका आला असेल तर कपाळ बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी हलतं," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाली. मी घाबरलोय हे तिला दिसत होतं. "इथे अख्खी अर्धी बाजू बंद आहे. म्हणजे अडचण मेंदूत नाही, चेहऱ्याच्या मज्जातंतूत दिसतेय." मग तिनं कानात उजेड टाकून आत बघितलं. "हे फोड कधीपासून आहेत?"

"कालपासून. मुरमं आहेत."

"मुरमं नाहीत. नागीण आहे."

मी मधेच तोंड घातलं. "नागीण तर कमरेला होते ना?"

"कमरेला, छातीला, पाठीला जास्त होते. आधी नुसतं दुखतं, जळजळतं, आणि मग एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो. पण ती कुठल्याही मज्जातंतूवर येऊ शकते. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का तुम्हाला?"

"मला आणि अक्काला एकदमच."

"कांजिण्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा विषाणू गेला नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी पडून राहतो, वर्षानुवर्षं. वय वाढतं, अंगावर ताण येतो, शरीराची राखण ढिली पडते, मग तो उठतो आणि त्याच तंतूवरून बाहेर येतो. तुमच्यात तो चेहरा हलवणाऱ्या तंतूवर आलाय. हा तंतू कानाजवळच्या हाडातून एका अरुंद बोळातून जातो. बोळात असतानाच तो सुजला आणि चेपला गेला."

पंचबाईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे फाउल लहानपणीच झाला होता," ती म्हणाली. "शिट्टी आत्ता वाजली."

डॉक्टर हसली, पण हात थांबले नव्हते. तिनं विषाणूवरची पहिली गोळी तिथेच तिच्यासमोर घ्यायला लावली, सूज उतरवायला स्टिरॉइड दिलं. म्हणाली, ही औषधं जितकी लवकर तितकी चांगली, पहिल्या दोन-तीन दिवसांत तर सगळ्यात उत्तम. कान ठणकायला लागला तेव्हाच यायला हवं होतं.

"कान दुखतो म्हणून कोण इस्पितळात येतं?" पंचबाईनं विचारलं.

"कुणी येत नाही. तीच तर पंचाईत आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही."

डोळ्याबद्दल तिनं आम्हाला बजावून सांगितलं. पापणी मिटत नाही, त्यामुळे डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते. दिवसभर थेंब, झोपताना मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. आणि फोडांवर खपली धरेपर्यंत तान्ह्या बाळांपासून, गरोदर बायकांपासून, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशांपासून लांब राहायचं. तिच्यामुळे त्यांना नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात.

"मैदानावर कधी जाऊ?"

"आधी या दारापर्यंत सरळ चालून दाखवा."

पंचबाई झोकात उठली, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला भिंतीला जाऊन टेकली. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, नागिणीनं तिलाही डिवचलं होतं.

"पुष्कळ जणांचा चेहरा परत येतो," डॉक्टर म्हणाली. "कुणाचा पूर्ण, कुणाचा थोडा कमी. तुमचा पूर्ण येईल असा शब्द मी देत नाही."

"दिला असतात तर मी विश्वास ठेवला नसता," पंचबाई भिंतीला धरून म्हणाली. "तुम्ही पंच व्हायला हरकत नाही."

अक्का दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर. बहिणीचा चेहरा बघून मटकन खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या सूत्रं हातात घेतली. तिच्या ओळखीचा एक माणूस होता, नागिणीवर झाडपाल्याचा लेप द्यायचा. त्याला आजच बोलवायचं होतं. कारण नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाली की माणूस हातचा जातो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि अक्काला कुणीतरी सांगितलेलं सगळं पटतं.

"अक्का, कानात फिरायला जागा तरी आहे का तिला?" पंचबाई म्हणाली. "आणि लेफ नको."

ओठ जुळत नव्हते, त्यामुळे प फुटायचा आणि फ बाहेर पडायचा. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोलू नकोस गं छोटे. विश्रांती घे."

"बोलणार. लेफ नको, माणूस नको, आणि कानात तेलसुद्धा नको."

"मी तुझी काळजी करतेय आणि तू मलाच—"

पंचबाईनं शेजारच्या पँटच्या खिशात हात घातला. सामन्याची पँट अजून खुर्चीवरच पडलेली होती. तिनं लाल कार्ड काढलं आणि सख्ख्या थोरल्या बहिणीसमोर धरलं. अक्का रागानं स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळानं तिथून चहा घेऊन बाहेर आली, पण लेपाचं नाव काढलं नाही.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, घरातले आरसे झाकून ठेवा. तिला बघवणार नाही."

पंचबाईचा डावा कान चांगलाच तिखट आहे. आतून आवाज आला, "झाकायचे नाहीत. दुकानातला सगळ्यात मोठा घेऊन या."

चेहऱ्याचे व्यायाम आरशासमोर करायचे होते. मी दाराएवढा आरसा आणून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावला. रोज ती त्याच्यासमोर बसायची. भुवई उचल. गाल फुगव. ओठांचा चंबू कर. उजवी बाजू ढिम्म. ती तिच्यावर चिडायची नाही, उशिरा आलेल्या विद्यार्थिनीकडे बघावं तशी बघायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, जोर लावायचा नाही, हळूहळू करायचं. माझ्या बायकोला हळूहळू या शब्दाचा अर्थ त्या आरशासमोर पहिल्यांदा कळला असावा.

फोड सुकले, खपल्या पडल्या. येणारे-जाणारे म्हणायला लागले, चला, सुटलीस. पण दुखणं सुटलं नव्हतं. कानामागून मानेपर्यंत मधूनच वीज चमकून जायची. पंख्याचा वारा सहन होत नव्हता. उशीचा अभ्रा लागला तरी ती दचकायची. एरवी गुडघा फुटला तरी लंगडत सामना संपवणारी ही बाई, पण केस विंचरताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, एकाच डोळ्यातून, कारण दुसऱ्यात आधीच थेंबांचं पाणी असायचं.

अक्का एकदा तिची समजूत घालायला म्हणाली, "आता फोड गेले ना? मग कसलं दुखणं? मनातलं असतं ते. होईल सवय."

पंचबाई वळली. "आईला पण सगळे हेच सांगायचे."

माझ्या सासूबाईंना मी फार थोडा काळ बघितलं. एक आठवण आहे. त्या डावं कोपर अंगापासून लांब धरून काम करायच्या, काखेत काही धरलंय आणि ते सांडेल अशा. मला ती त्यांची ढब वाटायची.

"आईला छातीखाली नागीण झाली होती," पंचबाई म्हणाली. "आठवतं ना तुला? डाग गेले आणि सगळे म्हणाले, बरी झाली. कपडा लागला की तिला भाजायचं. म्हणून ती तसा हात धरायची. मरेपर्यंत. आणि आपल्या घरात तिला काय म्हणायचे? कामाचा कंटाळा आला की हिचं दुखतं."

अक्का मांडीवरचा पदर सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तिला कुणी विचारलंच नाही गं."

"मला पण कुणी विचारणार नाही. म्हणून मीच सांगायला जाणार आहे."

दोघी मिळून त्याच डॉक्टरकडे गेल्या, गाडी चालवायला मी. पंचबाई खुर्चीत बसायच्या आधीच बोलली. "फोड गेलेत. आग गेलेली नाही. मला ती सहन करायची नाहीये. सहन करा असं सांगणार असाल तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते."

"बसा," डॉक्टर म्हणाली. "मी असं कशाला सांगीन? विषाणूनं तंतूची नासधूस केलीय, आता तो विनाकारण ओरडतोय. दुखणं खरं आहे. नागिणीनंतर काही जणांना ते महिनोन्‌महिने राहतं, काहींना वर्षंही. वय जास्त तितकी भीती जास्त. त्यावर वेगळ्या गोळ्या असतात, साध्या वेदनाशामकांनी भागत नाही. थोड्या मात्रेपासून वाढवत जाऊ. सुरुवातीला झोप येईल, डोकं जड होईल. लगेच फरक पडणार नाही, पण पडेल."

अक्कानं हळूच विचारलं, "या गोळ्या पूर्वी पण मिळायच्या का हो?"

डॉक्टरला कळलं नाही ती कुणाबद्दल विचारतेय. "काही मिळायच्या," म्हणाली. पंचबाईनं अक्काचा हात धरला आणि दोघी उठल्या.

त्याच सुमाराला लीगचे सचिव घरी आले. फुलांचा मोठा गुच्छ, गोड आवाज आणि बसताना पँटची इस्त्री सांभाळायची सवय. तब्येतीची चौकशी झाली, मग मूळ मुद्दा. अंतिम सामन्याला पंचबाईंनी प्रमुख पाहुण्या म्हणून यावं, चषक त्यांच्या हस्ते द्यावा, समितीची फार इच्छा आहे.

"आणि सामने कधीपासून देताय?" तिनं विचारलं.

"बाई, आता तुम्ही खूप केलंत. नव्या मुलांना संधी द्या. आणि कसं आहे..." त्यांची नजर तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर गेली आणि लगेच माझ्या आरशावर. आरशातही तीच होती, त्यामुळे त्यांची मोठी गैरसोय झाली. "शिट्टी तर वाजवावी लागेल ना?"

पंचबाई उठली, खुंटीवरची शिट्टी घेतली, ओठांत धरली आणि फुंकली. फुस्स. सगळी हवा उजव्या कोपऱ्यातून निघून गेली, सोबत थोडी लाळ. मला कुठे बघावं कळेना. तिनं रुमालानं हनुवटी पुसली, अजिबात घाई न करता.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "ही वाजत नाही. पण ती ओठांनीच फुंकली पाहिजे, असा नियम दाखवा मला."

"शिट्टी म्हणजे शिट्टीच ना, बाई."

"सामना थांबला पाहिजे, हा नियम. कसा थांबवायचा ते माझं मी बघते. फुलं सुंदर आहेत. पाहुणी मात्र दुसरी शोधा."

पोहण्याच्या तलावावरचे राखणदार हातात धरून बटण दाबायची विजेवरची शिट्टी वापरतात, ती तिनं कधीतरी बघितली होती. तसली एक आणली आणि थेट माझ्या दुकानात येऊन वाजवली. माझ्या हातातला काचेचा तुकडा गेला, शेजारचा घड्याळवाला आग लागली म्हणून रस्त्यावर आला. "चालते," ती समाधानानं म्हणाली.

शिट्टीचा प्रश्न सुटला, पायांचा बाकी होता. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की आम्ही जायचो. मधली पांढरी रेघ धरून ती चालायची. चार पावलं बरी पडायची, पाचव्याला मैदान कलंडायचं. फेरफटका मारणारे एक आजोबा काठी टेकून थांबले आणि माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. पंचबाई तिकडून ओरडली, "गोळ्या घेतल्यात आजोबा, बाटली नाही!"

एकदा ती पळायला गेली आणि सपशेल पडली. कोपर सोलवटलं. मी धावत गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "बास झालं आता! कशासाठी चाललंय हे? कुणाला दाखवायचंय?"

ती गवतावर तशीच बसून राहिली. "तुम्ही हल्ली माझ्याकडे कसं बघता, माहितीय? तडा गेलेल्या काचेकडे बघता तसं. ती तुम्ही दुरुस्त करत नाही. काढता आणि नवी बसवता."

"तू काच आहेस का?"

"तेच सांगतेय मी."

मी हात पुढे केला. तिनं धरला नाही. स्वतःची स्वतः उठली आणि परत रेघेच्या टोकाला गेली. मग मीही गप्प शेजारून चालायला लागलो. तोल गेला तर धरायचं नाही, नुसतं शेजारी असायचं, असं आमचं न बोलता ठरलं. मला ते काच बसवण्यापेक्षा अवघड गेलं.

पंचांची पळण्याची परीक्षा असते. सगळ्यांना सारखी, वयाची सूट नाही. पहिल्या वेळी ती नापास झाली. शेवटच्या फेरीत गरगरलं आणि थांबावं लागलं. सचिवांनी तिला पाणी दिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका लपत नव्हती. "प्रयत्न केलात, हेच खूप," म्हणाले.

"खूप नाही," ती धापा टाकत म्हणाली. "नापास झालेय मी. पुढची तारीख द्या."

पुढच्या तारखेपर्यंत गोळ्यांनी आग निम्म्यावर आली होती, तोल पुष्कळ सावरला होता, आणि आरशासमोर एका सकाळी तिच्या उजव्या भुवईचं टोक हललं होतं. इतकंसं. ती ओरडली तेव्हा मला वाटलं, पडली. वारा आणि धूळ डोळ्यात जाऊ नये म्हणून काच कापताना मी लावतो तो बाजूंनी बंद चष्मा तिनं परीक्षेला लावला. त्या अवतारात ती धावली, आणि या वेळी पास झाली. पहिली आली नाही, शेवटूनच कुठेतरी होती. पण पास.

समितीला सामना द्यावाच लागला. दिला तो तळातल्या दोन संघांचा, बाजूच्या मैदानावर. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे नातेवाईक, मी आणि अक्का.

पहिला अर्धा नीट गेला. शिट्टीचा आवाज ऐकून सुरुवातीला सगळे दचकायचे, मग रुळले. दुसऱ्या अर्ध्यात तिनं एका आघाडीच्या खेळाडूचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला. तो उंच, देखणा, आणि ते स्वतःला चांगलं माहीत असलेला मुलगा होता. काही बोलला नाही. तिची पाठ वळली तसं त्यानं साथीदारांकडे बघून एक डोळा ताणून उघडा ठेवला, ओठाचा कोपरा बोटानं खाली ओढला आणि हात हवेत दाबून दाखवला, शिट्टीचं बटण दाबल्यासारखा. दोघंतिघं फिदीफिदी हसले.

ती वळली होती, पण पुरती नाही. बटण दाबलं. अख्खं मैदान थांबलं. ती चालत त्याच्यासमोर गेली, धावत नाही, चालत. आणि लाल कार्ड वर केलं.

त्यांचा कर्णधार धावत आला. "बाई, कशासाठी? तो एक शब्द तरी बोलला का?"

"पंचाचा अपमान करणारे हावभाव. त्यानं तोंड वाकडं केलं."

"पण तुमचं तर—" तो बोलून गेला आणि जागीच थिजला.

"माझं वाकडं आहे," पंचबाई म्हणाली. प, फ, सगळं व्यवस्थित लागलं. "त्यानं केलं. फरक आहे. चला, त्याला बाहेर पाठवा आणि खेळ सुरू करा."

अक्का माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. लाल कार्डाला टाळ्या वाजवणारी तिथे ती एकटीच, आणि त्या मुलाची आई आमच्याच रांगेत बसलेली. मी अक्काला खाली ओढलं. संघानं तक्रार केली, समितीनं ऐकून घेतली, कार्ड कायम राहिलं. सचिवांनी फोन करून सुचवलं की पुढचे काही सामने पंचबाईंनी रेषेवर झेंडा घेऊन उभं राहावं, तिथे शिट्टी लागत नाही. ती म्हणाली, मैदानाच्या मधेच उभी राहीन. त्या हंगामात तिला मोठा सामना मिळाला नाही. त्याच्या पुढच्या हंगामात मिळाला.

चेहरा पुष्कळसा परत आला, पूर्ण नाही. तंतू परत वाढताना वाटा चुकतात म्हणे. त्यामुळे ती हसली की उजवा डोळा आपोआप अर्धा मिटतो. मैदानावर सगळ्यांना वाटतं पंचबाई कार्ड दाखवताना डोळा मारते. गार हवेत कानामागे अजून झिणझिण्या येतात. गोळ्या कमी कमी करत बंद झाल्या. डॉक्टरच्या सल्ल्यानं तिनं नागिणीवरची लस घेतली, कारण एकदा झाली म्हणजे परत होणारच नाही असं नसतं. अक्कालाही ओढत नेलं. दंड सुजला, अंगात कणकण आली, तर अक्कानं दोन दिवस फोनवर आम्हाला फैलावर घेतलं. नंतर दुसऱ्या मात्रेची तारीख तिनं स्वतःच विचारून घेतली.

मोठा सामना होता तेव्हा मैदान भरलं होतं. शेवटच्या मिनिटांत तिनं पेनल्टी दिली आणि यजमान संघ हरला. जिकडे तिकडे नुसता कल्ला. आंधळी म्हणाले, विकली गेलेली म्हणाले, घरी जाऊन भांडी घास म्हणाले, तिच्या आणि माझ्या दोघांच्याही खानदानाचा उद्धार झाला. मी कानात बोटं घालून गाडीपाशी थांबलो होतो. ती बॅग खांद्यावर टाकून आली ती शीळ घालायच्या बेतात असल्यासारखी. शीळ काही आली नाही, हवाच गेली.

"ऐकलंत का सगळं?" तिनं विचारलं.

"ऐकलं की. लाज नाही लोकांना."

"कुणी चेहऱ्याबद्दल बोललं?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"एक शब्द नाही," ती म्हणाली, आणि उजवा डोळा अर्धा मिटला. "नुसत्या पंचाला देतात त्या शिव्या. चला, भूक लागलीय."